आत्याच्या मांडीवरचं मांजर

आमच्या घरी एक मांजर आहे. केशरी, पोटाशी पांढरं. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरतं आणि ती घुरघुर तळहाताला जाणवते. गालाला हात लावला की मान तिकडे वळवतं. बराच वेळ कुरवाळलं की कुशीवर होऊन पोट दाखवतं, आणि कुणी लक्षच दिलं नाही तर डोळे मिटून पडून राहतं. पोटाखालच्या झडपेआड चार जाड सेल आहेत. मांजर यंत्राचं आहे आणि ते माझ्या आत्याचं आहे.

घरी येणाऱ्या बहुतेकांना ते बघून वाईट वाटतं. आत्यासमोर कुणी बोलत नाही, पण निघताना लिफ्टपाशी विषय निघतोच. "एवढी खमकी बाई, आणि आता खेळणं घेऊन बसते," असं जुन्या चाळीतल्या एका काकूंनी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. त्यांचा आत्यावर जीव आहे, म्हणून त्यांना लागलं. मला त्यांना जे लिफ्टच्या दारात धड सांगता आलं नाही, ते इथे सांगते आहे.

आधी आत्या कोण होती ते सांगायला हवं. लालबागला आमच्या चाळीत आजी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची आणि आत्या तिच्या हाताखाली तयार झाली. घाटावरून, कोकणातून आलेले, बायकामुलं गावी ठेवलेले कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायला असायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी आणि खोली एकच. गिरणगावात गल्लोगल्ली अशा बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि जेवणाऱ्यांच्या हाती पगारच येईना. आत्या तरी वाढत राहिली. उधारीची वही अजून कपाटात आहे. तिच्यातल्या किती तरी नावांवर रेघ मारलेली नाही.

अशा बाईच्या ताटात आज दुसरं कुणी तरी भात कालवून देतं. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन आता काही वर्षं झाली. अंघोळ घालणं, वेणी घालणं, गोळ्या देणं, सगळं तिच्यासाठी केलं जातं, आणि ते प्रेमानं केलं जातं हे मी छातीवर हात ठेवून सांगते. दिवसा देखभालीला ब्युरोकडून येणाऱ्या मावशी असतात, संध्याकाळी मी, रात्री आम्ही सगळेच. पण दिवसभरात तिनं कुणासाठी काही करावं अशी एकही गोष्ट तिच्या वाट्याला उरली नव्हती. भाजी निवडायला दिली तर निवडलेली आणि न निवडलेली एकत्र व्हायची, मग मावशी हळूच ती परत निवडायच्या. आत्याला ते दिसायचं. ती काही बोलायची नाही, हात पदरात घ्यायची.

कातरवेळी हे सगळं उसळून यायचं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सहाच्या सुमाराला आत्या उठून पिशवी शोधायची, दाराच्या कडीशी खटपट करायची. "घरी जायचंय. रातपाळीवाले यायची वेळ झाली, अजून कणीक भिजवलेली नाही." चाळ पाडून त्याच जागेवर आमची इमारत उभी राहिली आहे. ती जिथे उभी राहून घरी जायचं म्हणायची, त्याच्या खाली कुठे तरी तिची खोली होती. हे तिला कसं समजावणार? आणि समजावून काय उपयोग? तिला जागा हवी नव्हती, जेवायला येणारी माणसं हवी होती.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी अशी यंत्राची मांजरं, कुत्री मिळतात हे त्यानं पाहिलं होतं. सुट्टीवर येताना तो हे मांजर बॅगेत घालून घेऊन आला. आत्यानं ते आधी लांबूनच बघितलं. मग जवळ ओढलं, पाठीवर हात ठेवला, घुरघुर ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "जेवलं का हे?"

कित्येक महिन्यांत तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

खरं मांजर का नाही, असं अनेक जण विचारतात. ज्याला झेपेल त्यानं खरंच पाळावं, त्याची सर कशालाही येणार नाही. चाळीत आत्याची मांजरं होतीच. कुठलीही तिची म्हणून नव्हती, पण कोळीण पाटी घेऊन आली की सगळी आमच्या दाराशी जमायची, आणि आत्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर काटे टाकायची. पायरीवरून पडून एक पिल्लू लंगडायला लागलं, तेव्हा त्याला पदरात घेऊन ती परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चालत गेली होती. पण आज तिच्या पायांत जोर नाही. मांजर पायात येऊन ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तर पुढचं सगळं चित्रच बदलेल. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, एखादा ओरखडासुद्धा वाहत राहतो. वरच्या मजल्यावरची खिडकी, मांजराची वाळू, त्याची इंजेक्शनं, हे सगळं बघणार कोण? मावशींना मांजराची भीती वाटते. आणि मांजराच्या बाजूनंही विचार करायला हवा. खायला घातलं की नाही हे जिला आठवत नाही, तिच्या भरवशावर जिवंत प्राणी ठेवणं त्या प्राण्यावर अन्यायच आहे.

या यंत्रांच्या मागे बराच विचार आहे हे मला नंतर वाचताना कळलं. जपानचे ताकानोरी शिबाता १९९३ पासून 'पारो' नावाच्या यंत्रावर काम करत होते. त्यांनी कुत्र्या-मांजराचीही रूपं करून बघितली, पण लोक लगेच खऱ्या कुत्र्या-मांजराशी ताडून बघायचे आणि खट्टू व्हायचे. म्हणून त्यांनी सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू निवडलं. सील कुणी मांडीवर घेतलेलाच नसतो, त्यामुळे ताडून बघायला काही नाही. पांढरी लव, मोठे काळे डोळे, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळाएवढंच. स्पर्श, उजेड, आवाज, आपल्याला कसं धरलंय, हे सगळं त्याला कळतं. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत मात्र सहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले पाच लाख रुपये. आमच्यासारख्या घरात ते कधीच आलं नसतं. २०१५ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीनं म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून साधी मांजरं काढली, मागोमाग कुत्री आली, आणि शेकड्यातल्या डॉलरमध्ये ही गोष्ट घरात येऊ लागली. न्यूयॉर्क राज्याचं ज्येष्ठांसाठीचं खातं तर ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांना स्वतःहून देतं.

उपयोग होतो का? ऑस्ट्रेलियात २८ वृद्धनिवासांतल्या स्मृतिभ्रंश असलेल्या ४१५ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पारो दिला, काहींना तोच पारो पण बंद करून दिला, काहींना नेहमीचीच देखभाल. आठवड्यातून तीन दुपारी, दर वेळी पंधरा मिनिटं, असे दहा आठवडे. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त बघत राहिले. नेहमीच्या देखभालीपेक्षा त्यांना आनंदही जास्त झालेला दिसला. पण अस्वस्थता मोजायच्या एका रूढ पट्टीवर तिन्ही गटांत फरक सापडला नाही. मला हा निकाल खरा वाटतो, कारण आमच्याकडेही तसंच आहे. काही संध्याकाळी आत्या मांजराकडे ढुंकूनही बघत नाही. एकदा तर उशीसारखं बाजूला फेकलं. पण बऱ्याच संध्याकाळी असं होतं की ती पिशवी घेऊन निघते, मावशी मांजर तिच्या मांडीवर देतात, ती बसते, थोपटायला लागते. थोड्या वेळानं आपण विचारावं, "आत्या, जायचं ना घरी?" तर ती आवाज खाली आणून म्हणते, "आता झोपलंय गं हे. उठवू कशी?"

मांजरानं तिला शांत केलं असं मी म्हणणार नाही. कुणी तरी तिच्यावर विसंबून आहे या जाणिवेनं तिला बसवलं. म्हाताऱ्या माणसांना माया मिळायला हवी असं आपण नेहमी म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण माया करायलाही काही तरी लागतं, याचा विचार आपण करत नाही. एकदा माणूस अंथरुणाला किंवा खुर्चीला लागला की त्यानं फक्त घ्यायचं, असं ठरून जातं. आत्यासारख्या बाईला घेण्याचा कंटाळा येतो, लाज वाटते, राग येतो. मांजर तिच्याकडून घेतं.

आता फसवणुकीचा मुद्दा. तो हलका नाही. रॉबर्ट स्पॅरो या ऑस्ट्रेलियातल्या तत्त्वज्ञांनी २००२ मध्येच म्हटलं होतं की यंत्राच्या प्राण्यापासून म्हाताऱ्यांना सुख मिळतं ते त्याला खरा प्राणी समजल्यामुळे, आणि अशा गैरसमजावर उभं राहिलेलं सुख देणं नैतिक नाही. मी यावर खूप विचार केला आहे. आमच्या घरात एक नियम आहे: मांजर खरं आहे असं आत्याला कुणी सांगायचं नाही. तिनं विचारलं तर खरं ते सांगायचं. तिनं विचारलंही. मी मांजर उलटं करून झडप उघडली आणि सेल दाखवले. तिनं चष्मा सारखा करून बघितलं. "चांगलं बनवलंय," म्हणाली. मग म्हणाली, "मग याला भूक नाही लागत?" मी म्हटलं, नाही लागत. "असू दे," म्हणाली आणि त्याला परत मांडीवर घेतलं.

लालबागमध्ये वाढलेल्या बाईला हे सहज जमतं असं मला वाटतं. गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा, आणि कारखान्यांत मूर्ती घडताना बघणं हे आत्याच्या लहानपणापासूनचं. माती, काथ्या, प्लास्टर, लाकडी टेकू, सगळं तिनं डोळ्यांनी बघितलेलं. शेवटी मूर्तिकार डोळ्यांची आखणी करायचा तेव्हा पोरं श्वास रोखून उभी राहायची. प्राणप्रतिष्ठा झाली की त्याच मूर्तीकडे पाठ करायची नाही, तिला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवायचं नाही. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवायची आणि विसर्जनाला न्यायची. मातीची आहे हे माहीत असणं आणि घरात आलेला पाहुणा म्हणून तिची सेवा करणं, या दोन गोष्टी आपल्याकडे कधी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. मी मांजराला देवाच्या पंक्तीला बसवत नाही. एवढंच म्हणते की जिव्हाळा लावायला समोरचं हाडामांसाचंच लागतं असं माणसांनी कधीच मानलेलं नाही. सोनीनं १९९९ मध्ये आयबो हा यंत्राचा कुत्रा काढला. २००६ मध्ये तो बनवणं बंद झालं, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली, आणि मग जपानमध्ये इसुमी इथल्या कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी व्हायला लागले. बौद्ध भिक्षूंनी त्यांच्यासाठी मंत्र म्हटले. ते कुत्रे यंत्र आहेत हे त्या मालकांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

तरी एक गोष्ट मला टोचत राहते. आत्याचा आजार पुढे जाईल, आणि एक दिवस सेल दाखवूनही तिला फरक कळणार नाही. त्या दिवशी आमचा नियम कितपत पुरेल? माझं उत्तर असं आहे की तेव्हा आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिला त्याची काळजी जड व्हायला लागली, "हे जेवत का नाही" म्हणून ती रडायला लागली, तर मांजर त्या दिवशी कपाटात जाईल. तिचं सुख जपायचं आहे. मांजर आणलंच आहे म्हणून ते वापरायचं, असं नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या प्राध्यापक शेरी टर्कल यांनी मांडलेला आक्षेप मला याहून मोठा वाटतो. एका वृद्धनिवासात त्यांनी एक बाई पाहिली. मूल गमावलेली ती बाई पारोशी बोलत होती आणि बघणाऱ्या सगळ्यांना ते किती छान वाटत होतं. टर्कल यांना मात्र कसनुसं झालं, कारण मरण म्हणजे काय, मूल जाणं म्हणजे काय, हे ज्याला कधीच कळणार नाही त्याच्यापुढे ती बाई आपलं मन उघडं करत होती. हे अगदी बरोबर आहे. म्हणूनच आत्या मांजराशी बोलत असते तेव्हा शेजारी कुणी तरी असायलाच हवं, हा आमचा दुसरा नियम.

मी एका रविवारी तिच्याजवळ मटार सोलत बसले होते. ती मांजराला सांगत होती की संपात एक जण आपली ट्रंक आणि वळकटी तिच्याकडे ठेवून गावी गेला, दिवाळीला येतो म्हणाला. तीन दिवाळ्या ट्रंक माळ्यावर होती. मग तिनं ती उघडली. आत दोन सदरे, गिरणीचा पास आणि मुलीसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्या होत्या. बांगड्या तिनं कुणालाच दिल्या नाहीत. हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही. मी विचारलं, "नाव काय गं त्याचं?" तर तिनं मान वर केली आणि मला नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका सांगितला. उधारीच्या वहीत ते नाव आहे. मांजरामुळे तिची जीभ सुटली हे खरं, पण तिला विचारायला माणूस लागलं. मी त्या वेळी आत स्वयंपाकघरात असते, तर ते नाव घुरघुरीत विरून गेलं असतं.

आणि काटे. हे मावशींचं श्रेय. मासे असले की आत्या ताटात काटे बाजूला काढून ठेवायला लागली, मांजरासाठी. एकदा दोनदा तिनं ते मांजराच्या तोंडाला लावले आणि लवेला बांगड्याचं कालवण लागलं. धुता येत नाही, ओल्या फडक्यानं पुसत बसावं लागतं. मावशींनी एक स्टीलची वाटी ठेवली. आत्या काटे त्या वाटीत टाकते. जेवण झालं की मावशी म्हणतात, "खाली देऊन येते हं," आणि खरंच खाली जाऊन पार्किंगमागच्या मांजरांना घालतात. मांजराला घाबरणाऱ्या या बाई वाटी लांबूनच सरकवतात. खालच्या मांजरांना वेळ कळली आहे, ती आधीच येऊन बसतात. वॉचमननं सोसायटीकडे तक्रार केली तेव्हा माझ्या नवऱ्यानं सेक्रेटरींना सगळं सांगितलं, आणि आता भिंतीकडेची एक जागा ठरवून दिली आहे. आत्यानं वाढलेलं कुणी तरी खरंच खातं. मी हे तिला रोज सांगते, आणि रोज तिला ते नव्यानं आवडतं.

मला भीती वाटते ती वेगळीच. साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा देशव्यापी पाहणीवरचा अंदाज आहे. मुंबईत मुलं परदेशी, घरं लहान, ब्युरोचे दर वाढते. अशा वेळी कुणी म्हणेल की मांजर दिलंय ना, मग मावशींची ड्यूटी बारा तासांवरून सहावर आणू. वृद्धाश्रम म्हणेल की खोलीत दोन यंत्रं ठेवली, आता एक माणूस कमी चालेल. तसं झालं तर लिफ्टपाशी रडणाऱ्या काकूंचं म्हणणं शब्दशः खरं ठरेल. मी जे पाहिलं ते पंधरा-वीस मिनिटांचं, माणूस शेजारी असतानाचं आहे. एकटीच्या खोलीत दिवसभर घुरघुरणाऱ्या मांजराबद्दल मी काहीही चांगलं सांगू शकत नाही.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांना एवढंच सांगेन: आधी विचारा. आयुष्यात कधी प्राण्याला हात न लावलेल्या, किंवा कुत्र्यानं चावलेल्या माणसाच्या मांडीवर एकदम ठेवू नका. माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना ते अपमानास्पद वाटलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तिनं ते त्याच दिवशी परत केलं. योग्यच केलं. त्यांना ट्रान्झिस्टर दुरुस्त करायची आवड होती, आता त्यांच्यापुढे जुन्या रेडिओचे सुटे भाग ठेवलेले असतात आणि नातू पेचकस हातात देत बसतो.

परदेशातून आणवण्याची ऐपत सगळ्यांची नसते, आणि आणून ते आवडलं नाही तर पैसे पाण्यात. म्हणून आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या बैठकीत मी एक सुचवणार आहे. संघानं अशी दोन मांजरं घ्यावीत आणि वाचनालयातल्या पुस्तकासारखी पंधरा दिवसांसाठी घरी द्यावीत. सोबत एक अट घालावी, की त्या घरातल्या एका तरी माणसानं रोज संध्याकाळी अर्धा तास शेजारी बसायचं. पहिल्या मांजराचे पैसे माझा भाऊ देणार आहे. अटीवर सगळे राजी होतील का, यावर आमचा घरात वाद चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, अर्धा तास फार होतो, लोक कामावरून दमून येतात, वीस मिनिटं म्हण. मी अर्ध्या तासावर ठाम आहे.